लेकीच्या घरचं पाणी

आमच्या कुसुमटोल्यात कवडूला नावानं हाक मारणारे थोडेच होते. बाकी सगळे त्याला 'शेठचा व्याही' म्हणायचे. कवडूजवळ धानाच्या चार बांध्या, एक मातीचं घर आणि एक म्हातारी बैलजोडी. ज्याचा तो व्याही, त्या चुन्नीलाल शेठची गोंदियात धानाची मिल. हे सोयरपण जुळलं कसं, असं बाहेरगावचा माणूस विचारायचाच. आम्ही सांगायचो, यानं लेक दिली, त्यानं करून घेतली. तो मान हलवायचा, पान खायचा, आणि मग कवडूच्या घराकडे बघून त्याच्या लक्षात यायचं की कवडूला तर मूलबाळच नाही.

ही लेक म्हणजे तलाव. आमच्याकडे लग्न न लागलेल्या तलावाला पुरता तलाव मानत नाहीत. त्याचं पाणी देवाला चालत नाही, हळदीला चालत नाही, मेलेल्याच्या दहाव्यालाही चालत नाही. म्हणून पाण्यात एक लाकडी खांब रोवतात, तो नवरदेव. तलाव ही नवरी. मांडव, हळद, अंतरपाट, जेवणावळ, सगळं रीतसर होतं. शहाण्यांनी खुशाल हसावं. आम्हीही थोडे हसतो, पण लग्न लावतो.

देश स्वतंत्र झाला आणि चार वर्षांत मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशात होतो. गावचा जुना तलाव सरकारजमा झाला आणि मालगुजारानं हाताशी उरलेली झुडपी जमीन विकायला काढली. दोन टेकड्यांच्या मधून नाला वाहायचा तो तुकडा चुन्नीलाल शेठनं घेतला. सौंदड स्टेशनवर उतरलं की बैलगाडीनं तासाभराची वाट. शेठला शेती करायची नव्हती. कुठल्यातरी बड्या माणसाच्या तलावात त्यानं नाव बघितली होती, बंगली बघितली होती, आणि तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं होतं की आपलंही एक पाणी असावं. पैसा आला की माणसाला पाण्याकाठी बसावंसं वाटतं. आमच्यासारखा बसला तर त्याला लोक रिकामटेकडा म्हणतात.

टेकडीपासून टेकडीपर्यंत मातीची पाळ टाकायची ठरली. पण पाळीचा पाया जिथं येत होता तिथं कवडूची सगळ्यात वरची बांधी होती. बांधी म्हणजे चारी अंगांनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. कवडूच्या चार, एकीखाली एक उतरत गेलेल्या. त्या चारीही वरच्या, म्हणजे पावसाच्या, पाण्याच्या भरवशावर. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाल्यावर पाऊस पंधरा दिवस रुसला की धान पिवळं, आणि ओंबीत दूध भरताना रुसला की दाणा नाही, नुसतं तणस. कवडूच्या बापानं आणि आज्यानं हेच बघितलं होतं. शेठनं बांधी मागितली तेव्हा कवडूनं पैसे मागितले नाहीत. पाळ झाल्यावर खालच्या तीन बांध्यांना पहिलं पाणी माझं, एवढंच तो म्हणाला. पंचांसमोर शेठनं कबूल केलं, "पहला पानी कवडू का." कवडूच्या उभ्या जन्मातला हा एकच मोठा सौदा. त्या दिवशी तो घरी जाताना इतका हळू चालत होता की मला वाटलं याला ताप आलाय. तो मनात पीक मोजत होता.

शेठनं शहरातून ठेकेदार आणला. त्यानं उन्हाळाभर माती टाकली आणि श्रावणात पाळ मधोमध फुटली. माझं मत विचाराल तर माती नीट धुम्मस करून बसवली नव्हती, दुसरं काही नाही. पण माझं मत कोणी विचारलं नाही. गावानं ठरवलं की बिनलग्नाची पोर, घरात राहील कशी, पळाली. पुढच्या उन्हाळ्यात शेठ पुन्हा मजूर गोळा करायला आला तर एकही बाई टोपली उचलेना. लग्नाचा शब्द द्या, मग माती टाकतो. शेठनं गावाकडे बघितलं, फुटलेल्या पाळीकडे बघितलं आणि म्हणाला, "तो करवा दो शादी. खर्चा मेरा."

पाळ झाली. यंदा गावच्या लोकांनी बैल फिरवून, पायांनी तुडवून माती बसवली, आणि पावसाळ्यात ती टिकली. पाळीच्या पोटातून पाणी खाली सोडायला दगडी मोरी ठेवली होती. तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तिच्या भोकांतली एकेक लाकडी गुडदी काढली की पाणी उतरतं. जास्तीचं पाणी निघून जायला एका कडेला सांडवा होता. आता राहिलं लग्न, आणि तिथं अडलं. तलाव शेठचा, तेव्हा लेकीचा बाप शेठच व्हायला हवा. पण शेठ विधुर, आणि कन्यादानाला जोडी लागते. शिवाय बापाला वाकावं लागतं. शेठ म्हणाला, मी नवरदेवाकडून उभा राहतो, मुलीकडची जोडी तुम्ही बघा. त्याच्या मिलमधला मुनीम घनश्याम बायकोला घेऊन आला होता. ती बाई म्हणाली, मला स्वतःच्याच पोरी उजवायच्या आहेत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून शामकला उठली.

शामकला म्हणजे कवडूची बायको. ठेंगणी, काटक, जिभेला धार. दुपारभर ओसरीत बसून विड्या वळायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दोन शब्द सुनावायची. गावातल्या एकूण एक पोरीच्या लग्नात हळद कुटायला ती पहिली असायची, पण तिच्या पदराला पोर नव्हतं. नवस झाले, देवरीकडच्या जंगलातली औषधं झाली, काही झालं नाही. कवडूला दुसरी कर म्हणणारे भेटले. तो त्यांना म्हणायचा, हिचंच ऐकून घेता घेता दिवस मावळतो, दुसरी कुठं ठेवू? तर ही शामकला उठली आणि म्हणाली, "आमी बसू जोडीनं." कवडूला तिनं विचारलंही नाही. त्यानं नुसती टोपी सारखी केली.

अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी लग्न लागलं. नवरदेवाला, म्हणजे सागाच्या खांबाला, हळद लावून बैलगाडीतून वाजतगाजत आणला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चौघांनी तो रोवला आणि मध्ये अंतरपाट धरला. आमचा पुजारी दुधराम मंगलाष्टकं म्हणत होता, ती अर्धी त्याची स्वतःचीच असावीत. पाळीवरून अक्षता पडल्या. शामकलानं पाण्यात हात घालून ओंजळ उचलली, कवडूच्या हातावर धरली आणि दोघांनी ती खांबावर सोडली. शेठनं जेवणात बुंदी दिली होती. पाठवणीची वेळ आली तेव्हा शामकला धाय मोकलून रडली. मुलगी जागची हलणार नव्हती, जायचं होतं ते शामकलाला, तरी तिचं रडू थांबेना. पोरंटोरं हसली. दोन-चार बायका मात्र तिच्याबरोबर रडल्या आणि त्या काही रडणाऱ्यातल्या नव्हत्या.

जेवणं झाली. कवडू हात धुवायला काठावर गेला तर म्हातारी रुख्मा, जी गावातल्या सगळ्या रीतींची कोठी होती, तिनं मागून हाक मारली.

"कवडू, तिथं हात नोको लावू. लेकीच्या घरचं पानी हाये ते."

कवडू हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. मी शेजारीच होतो, मला ते दिसलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. खांब कुठला, मांडव कोण घालणार, बुंदी किती, यावर सहा महिने खल केला, पण ज्याला पहिलं पाणी मिळायचं होतं त्यालाच आपण मुलीचा बाप करतोय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्यासारख्या गावातच असं होऊ शकतं. दुसरीकडे एक तर लग्न लागलं नसतं, नाही तर लागल्यावर कोणी मनावर घेतलं नसतं.

रोवणीच्या दिवसांत कवडू फावडं घेऊन तुडुमाखाली गेला. पाट काढून झाला होता, फक्त बांधीचं तोंड फोडायचं होतं. शामकला आधीच येऊन त्या तोंडाशी बसली होती. लेकीच्या घरचं पाणी आपल्या शेतात नको, ती म्हणाली. कवडू तिला समजावू लागला की ती रीत प्यायच्या पाण्याची, शेताच्या पाण्याची नाही. तिनं विचारलं, ते धान मग खाणार कोण? कवडू चिडला. तो क्वचित चिडायचा.

"मी बांधी कायले देल्ली मंग?"

"आंदनात गेली समजा," शामकला म्हणाली.

कवडूनं गाव गोळा केलं. पंचांनी दोन्ही बाजू ऐकल्या, माना हलवल्या आणि नवराबायकोच्या भांडणात पडू नये असा निवाडा दिला. कोणीतरी म्हणालं, लेकीच्या घरी अडलंच तर चार आणे ठेवून पाणी पितात, तसं कर. शामकला म्हणाली, ज्याच्या घरात दहा लेकरं तो असा चार आण्यात सुटतो, मला एकच आहे.

शेठला हे सगळं मुनीमाकडून कळलं. तो हुशार होता की नुसताच नशीबवान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिलं पाणी द्यायचा शब्द त्यानं मोडला नाही, घेणाऱ्यानंच घेतलं नाही. तलावाची राखण कवडूकडे पगारावर द्यायचं आधीच ठरलं होतं. शामकला म्हणाली, व्याह्याचा पगार घेत नाहीत. मग कवडू फुकट राखण करू लागला. लेकीच्या घराकडे बापानं लक्ष ठेवायचं नाही तर कोणी? असं करून कवडूची बांधी गेली, पाणी गेलं आणि वर राबणूक आली. गावात थट्टा चालायची की कवडूनं खरोखरच लेक दिली, कारण लेकीच्या बापाला जे जे मिळतं ते सगळं त्याला मिळालं. थट्टा चांगली होती. मी पण हसलो आहे तिला.

थंडीत शेठचे पाहुणे यायचे. गोंदियाहून गाडीनं सौंदड, तिथून बैलांच्या दमणीत बसून आमच्याकडे. निळ्या रंगाची नाव होती, पाळीवर सतरंज्या पडायच्या, ग्रामोफोन लागायचा. बायका पाण्यात पाय सोडून बसायच्या आणि पुरुष बदकांवर बंदुका झाडून बहुतेक वेळा काही न मारता परत यायचे. नाव वल्हवायला कवडू. कमरेला त्याच्या विहिरीच्या पाण्याचा तुंबा बांधलेला. तहान लागली की तो वल्हं थांबवायचा, तुंब्यातलं पाणी घोटभर प्यायचा आणि पुढे वल्हवायचा. पाहुण्यांना त्याची मोठी मौज वाटायची. शेठ ओळख करून द्यायचा, "ये हमारे समधी हैं." मग सगळी गोष्ट सांगायची, सगळ्यांनी हसायचं. कवडूही हसायचा. मला त्याचा राग यायचा. शेठचा येत नव्हता, शेठ शेठच होता. कवडूनं का हसावं?

एकदा त्याला तसं बोललोही. तो म्हणाला, व्याह्यापुढं लेकीचा बाप हसतोच. हे तो थट्टेनं म्हणत नव्हता. तेव्हा मला कळलं की नवरा म्हणून बायकोचा हट्ट सांभाळता सांभाळता हा स्वतःही त्यात शिरला आहे. बदकांवर बार वाजले की शामकला घरातून बाहेर येऊन टेकडीकडे बघत राहायची, आणि आता कवडूही संध्याकाळी पाळीवरून फिरताना बिळं बुजवायचा, निघालेले दगड बसवायचा, झाडाचं रोपटं दिसलं की उपटायचा. मुळं पाळ फोडतात म्हणून हे करावं लागतं, पण इतकं हळुवार करावं लागत नाही.

पाऊस बरा होता तोवर हे निभलं. कवडूच्या बांध्यांना वरचं पाणी पुरायचं. शामकलाच्या विड्या होत्या, उन्हाळ्यात तेंदूपत्ता होता. मग सत्तावन्न साल आलं. पोळ्यापर्यंत पाऊस बरा झाला आणि नंतर त्यानं तोंड दाखवलं नाही. धान पोटरीला आलेलं, बांध्यांना भेगा. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून शेठला तलाव भरलेला हवा होता, पण सगळं गाव गोंदियात त्याच्या मिलच्या दारात जाऊन बसलं तेव्हा त्यानं तुडूम उघडायला परवानगी दिली. गुडद्या काढायच्या कवडूनं. पाट जाणार कवडूच्या तिन्ही बांध्यांच्या कडेनं, खाली आम्हा बाकीच्यांकडे. माझी जमीन त्या पाटाच्या शेवटाला आहे. मला पाणी मिळालं.

पाटाच्या धुऱ्यातून पाणी झिरपून कवडूच्या बांधीत जात होतं. फार नाही, धुऱ्याच्या बुडाशी एक ओली रेघ उमटत होती आणि तेवढ्या रेघेवरचं धान हिरवं होतं. शामकला काळी माती कालवून तिथं लिंपत होती. मी पाट खालपर्यंत मोकळा करायला आलो होतो. कवडू फावड्यावर हनुवटी टेकून तिच्या हाताकडे बघत होता. मग तो म्हणाला,

"एक फावडं मारतो, शामकला. कोनी पाहून नाही राहिलं."

मी तिथं उभा होतो, पण मला त्यानं हिशेबात धरलं नसावं. शामकलानं मातीचा हात न पुसताच पाळीकडे दाखवला.

"ती पाहून राहिली."

कवडूनं फावडं खांद्यावर घेतलं आणि तो तुडुमाकडे निघून गेला. शामकला लिंपत राहिली. ती रेघ दोन दिवसांत वाळली.

त्या वर्षी गावात सगळ्यांना थोडंबहुत पिकलं, कवडूला नाही. ओंब्या फुसक्या. एक दिवस सकाळी त्यानं बैल सोडून उभ्या धानात घातले. कापायची मजुरीही निघणार नव्हती, त्यामुळे त्यात चूक काही नव्हती. पण आमच्याकडे उभ्या धानात जनावर घालणं म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखं असतं. तो धुऱ्यावर बसून बैलांना बघत होता, आणि शामकला घराच्या दारातून त्याला बघत होती. दुसऱ्याच दिवसापासून ती लोकांच्या बांध्यांत कापणीला जाऊ लागली. तिची जीभ मात्र बंद झाली. रस्त्यानं जाणाऱ्याला ओसरीतून काही ऐकू येईना, आणि खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

होळी झाल्यावर तिनं खणायला सुरुवात केली. जागा कोणती, तर उरलेल्या तिघींतली सगळ्यात वरची, सगळ्यात चांगल्या मातीची बांधी. सांडव्याचा नाला जिच्या कडेनं जातो ती. कुदळीनं खणायची, टोपलीत भरायची, धुऱ्यावर नेऊन टाकायची. लोकांना वाटलं डोकं फिरलं. कवडूलाही तसंच वाटलं असावं, कारण पहिले काही दिवस तो तिकडे फिरकलाच नाही. मग गेला.

"काऊन खंदून राहिली?"

"लेकीले लेकरू व्हाले पायजे," शामकला म्हणाली. "आपल्याले नाही झालं. तिले तरी होऊ द्या."

हे मला कवडूनंच पुढे सांगितलं. सांगताना तो दुसरीकडे बघत होता. तो म्हणाला, तिनं तसं म्हटलं आणि मी घरी येऊन दुसरी कुदळ घेऊन गेलो. बोडी खणायची, म्हणजे लहानसा तलाव, त्यात या तलावाचं पाणी उतरलं की तलावाला मूल झालं. मूल झालं की आजाआजी मोकळे. हिशेब सरळ होता. मात्र गावाला सरळ हिशेब पटत नाही. आज्यानंच खणलेला खड्डा नातू कसा, असा वाद निघाला. रुख्मा म्हणाली, पाळणा आजाच करतो. शेवटी प्रकरण दुधरामकडे गेलं. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की बोडी चालेल, पण तुडूम उघडून भरलेली चालणार नाही. आईच्या पोटातून आपोआप आलं पाहिजे. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडलं आणि त्यानं बोडी भरली तरच ते मूल.

आता सांडव्यावर शेठनं फळ्या ठोकून घेतल्या होत्या, तलावात जास्त पाणी राहावं म्हणून. त्यामुळे सांडवा वाहिलेला कोणी फारसा पाहिलाच नव्हता. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढत चढत फळ्यांपर्यंत आलं. शेवटच्या फळीला चार बोटं कमी असताना पाऊस थांबला. बोडी खाली कोरडी, तळाशी नुसता पावसाचा चिखल. राखणदार कवडू. सांडवा त्याच्या ताब्यात. वरची एक फळी हातानं निघणारी. या वेळी राहवलं नाही ते शामकलाला. ती पाळीवर आली, खाली बोडीकडे बघितलं, वर पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, एक फळी काढा ना, कोनाले समजते. कवडू फळ्यांवरचा पालापाचोळा काढत होता.

"तिचे दिवस भरू दे," तो म्हणाला.

शामकला खाली उतरली. त्या वर्षी दोन बांध्यांत वरच्या पाण्यावर जे आलं ते त्यांनी खाल्लं. तिसरी बांधी म्हणजे कोरडा खड्डा. एका मोठ्या पाण्याच्या पायथ्याशी बसून हे दोघं वर्षभर आभाळाकडे बघत होते, आणि आम्ही सगळे, काय लपवायचं, त्यांच्या मागून बघत होतो. गावात कोणी थट्टा करेनासं झालं होतं. सौंदडच्या बाजारात भेटलेला माणूस आधी सांडव्याचं विचारायचा, मग धानाच्या भावाचं.

एकोणसाठच्या भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी कवडू पाळीवरून ओरडला नाही, धावलाही नाही. तो घरी आला आणि शामकलाला म्हणाला, चल. सगळं गाव इरली घेऊन मागोमाग. पाणी फळीवरून पातळ वाहत होतं, नाल्यात उतरत होतं, आणि नाल्यातून खणलेल्या वाटेनं बोडीत पडत होतं. लाल, गढूळ. शामकला बोडीच्या काठावर भिजत बसली. पाण्याबरोबर बोटाएवढ्या मासोळ्या उतरल्या, त्या तिनं सगळ्यांना दाखवल्या. रुख्मानं तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि दुधरामनं, कोणी विचारण्याआधीच, झालं म्हणून सांगितलं. बोडी सकाळपर्यंत भरली. आजही तिला नातबोडी म्हणतात.

कवडू त्याच दिवशी फावडं घेऊन निघाला होता. रुख्मानं त्याला पुन्हा अडवलं. बाळंतिणीला सव्वा महिना जाऊ दे. पाऊस असा होता की तेव्हा पाण्याची गरज कोणालाच नव्हती, म्हणून कवडू थांबला. पण आश्विनात ऊन कडक पडलं, दूध भरायच्या ऐन वेळी बांध्या वाळू लागल्या, आणि सव्वा महिनाही उलटला होता. त्या सकाळी त्यानं गुडदी काढली. पाट भरून आला. वरची बांधी पाळीखाली, दुसरी बोडीत, उरल्या होत्या दोन. त्यातल्या पहिलीचं तोंड त्यानं फोडलं आणि पाणी धानाच्या बुडख्यांतून आत सरकू लागलं. तो बघत उभा राहिला. मग पाटाच्या काठावर गुडघे टेकून त्यानं तोंडच पाण्याला लावलं. सहा वर्षं तो त्या पाण्यावरून नाव चालवत होता. तो पीत राहिला, इतका की शामकलानं मागून त्याचा सदरा ओढला.

"पुरे. लेकीच्या घरी इतकं पेत नाहीत."

दोन बांध्यांचं धान ते किती. पण दाणा भरलेला होता, टपोरा. दिवाळीनंतर मळणी झाली आणि दोन दिवसांनी शामकला टोपलीत नवे तांदूळ घेऊन घरोघर फिरू लागली. मुलीच्या सासरहून काही आलं की वाटतात, तसे वाटत होती. प्रत्येक घरी एक वाटी, कोणाला चुकवलं नाही. चुन्नीलाल शेठसाठीही तिनं मुनीमाकडे पुरचुंडी दिली. आमच्या दारात आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, शामकलाबाई, दोन बांध्यांचं धान, असं वाटत सुटलीस तर वर्षभर खाशील काय? तिनं माझ्या हातातली वाटी घेऊन तांदळानं शिगोशीग भरली.

"लेकीकडून आलेलं एकट्यानं खातेत का?"